उभा राहू का बोलू

बाबांना लकवा मारला तेव्हा ते बोलतच होते, आणि तेही बैलांशी. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन शेतातून घरी येत होते. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, बसलेले. काका सांगायचे, की बोलता बोलता दादाचं बोलणं मध्येच घरंगळलं आणि बैल आपणहून उभे राहिले. काकांना कुठलीही गोष्ट मीठमसाला लावल्याशिवाय सांगता येत नसे, त्यामुळे बैलांचं त्यात खरं किती ते देव जाणे. पण त्या संध्याकाळी आंजीच्या रस्त्यावर बाबांचा डावा हात आणि डावा पाय गेला, एवढं खरं.

आणीबाणी संपून एखाददोन वर्षं झाली असतील. मी दहावी होऊन घरीच होते. घरात आई, बाबा, बिनलग्नाचे काका आणि मी, एवढीच माणसं. पण आमच्या घरात माणसं जास्त आहेत असं शेजारच्यांना वाटे, कारण बाबा एकटेच चौघांचं बोलत. तण काढायचा डवरा धरलेला असो की वाफ्यात पाणी सोडणं चाललेलं असो, तोंडाचा पट्टा सुरूच. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, माणसाशी ते असे बोलत, की तिसऱ्या शेतातला माणूस उत्तर देई. आई म्हणायची, "यायले बोलू नोका म्हटलं त यायचे हात थांबते."

आणि पोळ्याला तर ते राजेच. आमच्याकडे पोळ्याच्या दिवशी गावातल्या साऱ्या जोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेनं उभ्या करतात. मग आपापली जोडी धरून माणसं झडत्या म्हणतात. झडती म्हणजे यमक जुळवलेल्या दोन-चार ओळी. तिच्यात थोडा देव असतो आणि बराचसा गाव. कुणाची तरी टोपी उडवायची आणि साऱ्यांनी मिळून "हर हर महादेव" करायचं. बाबा दरवर्षी नवी झडती करत. श्रावण लागला की गावातली काही माणसं त्यांच्याशी उगाचच गोड बोलायला लागत, यंदा आपला नंबर लागू नये म्हणून.

वर्ध्याच्या दवाखान्यात बाबा बरेच दिवस होते. वाकडं झालेलं तोंड हळूहळू सरळ झालं आणि बोलणंही परत आलं. आईनं त्या दिवशी खाटेच्या लोखंडी पायाला हात लावून नमस्कार केला. हातात थोडी ताकद आली, पायातही आली. पण उभं केलं की बाबा उजवीकडे कलत आणि डाव्या पायावर अंगच टाकत नसत. म्हणायचे, "हा पाय माहा नाई. कोणाचा तरी आणून लावला."

तिथं व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. उंच, चष्म्याच्या, बोलायला मऊ. मी रोज बाबांना हाताला धरून न्यायचे, तेव्हा त्या माझ्याशीच जास्त बोलायच्या. एकदा त्यांनी मला डोळे मिटून, दोन्ही पाय जोडून उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. त्या म्हणाल्या, "तू हलते आहेस, कळतंय?" मला वाटलं मी तर खांबासारखी उभी आहे. पण लक्ष दिल्यावर कळलं, पोटऱ्या सारख्या घट्ट-सैल होत होत्या, अंग थोडं पुढं जाई, थोडं मागं. बाई म्हणाल्या, की स्थिर उभं कोणीच राहत नाही. माणूस सारखा पडत असतो आणि सारखा सावरत असतो, फक्त त्याला पत्ता नसतो. डोळे, कानाच्या आतला भाग आणि तळपाय अशा तीन ठिकाणांहून खबर येत असते. बाबांच्या डाव्या तळपायाची खबर वर पोचत नाही, पोचली तर उशिरा पोचते, म्हणून ते त्या पायावर भरवसाच ठेवत नाहीत.

आता माझं वय झालं तेव्हा बाईंचं बोलणं आठवतं. बोरगाव मेघेतल्या माझ्या न्हाणीघरात डोळ्यांत साबण गेला की माझा हात आपोआप भिंतीला जातो. सून म्हणते, आई, घाबरता काय? घाबरत नाही गं, डोळ्यांकडून खबर यायची बंद झाली, एवढंच. पण तिला हे सांगत बसत नाही. माझं बोलणं लांबतं, असं तिचं मत आहे.

बाबांना घरी आणलं तेव्हा वेचणी अर्ध्यावर होती आणि कापूस घरातच होता. खरेदी केंद्रावर रांग मोठी, म्हणून काकांनी मधल्या खोलीत कमरेएवढा ढीग लावला होता. व्यायाम घरी रोज करायचा होता आणि सगळ्यांना एकच भीती, बाबा पडले तर? शेणानं सारवलेली असली तरी जमीन ती जमीनच. तेव्हा काकांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की दादाला कापसाच्या ढिगावर उभं करायचं. पडला तरी लागणार नाही. आईला पटलं, मला पटलं, बघायला आलेल्या साऱ्या गावाला पटलं. ज्यांच्या घरात खोलीभर कापूस असतो त्यांना दुसरं काय सुचणार?

पहिले दोन-तीन दिवस मजा आली. बाबा उभे राहत, डगमगत आणि धपकन पडत. केसांत कापूस, मिशीत कापूस. आम्ही हसायचो, तेही हसायचे. काका म्हणत, "दादा, अजून एक डाव!" पण आठवडा गेला, दुसरा गेला, तरी पडणं काही कमी होईना. उलट दवाखान्यात खाट धरून ते जेवढे उभे राहायचे तेवढेही राहीनात. हळूहळू बाबांचं हसू गेलं. मी खोलीचं दार उघडलं की ते भिंतीकडं तोंड करून झोपून घेत. कुणीतरी कबुतराच्या रक्तानं मालीश करायचं सुचवलं, तर बाबा म्हणाले, "त्या कबुतरानं काय पाप केलं?" आणि पुन्हा तोंड फिरवलं. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. बाबा एका वाक्यावर थांबतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

दाखवायला नेलं तेव्हा बाईंनी विचारलं, सराव कुठं करता? काकांनी छाती फुगवून कापसाचं सांगितलं. बाईंनी डोक्याला हात लावला आणि मग हसूही लागल्या. म्हणाल्या, "अहो, त्यांच्या पायाला आधीच जमीन कळत नाही, आणि तुम्ही तीही काढून घेतलीत?" मऊ जागेवर धडधाकट माणूससुद्धा डगमगतो. यांना कडक जमीन हवी, पाय अनवाणी हवेत आणि मागं भिंतीचा कोपरा हवा. परतीच्या एसटीत काका खिडकीबाहेर बघत बसले. बाबाच म्हणाले, "जाऊ दे रे. कापसात पडाची हौस फिटली माही."

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. बाबांनी कशाला धरून उभं राहायचं नाही, रेलायचं नाही, फक्त एक बोट टेकवायचं. भिंतीला टेकवा नाहीतर माणसाला. बोट भार घेत नाही, पण आपण किती हललो ते अंगाला सांगतं. आमच्या अंगणातली कुडाची भिंत बोट लावलं की पोपडे टाकायची. म्हणून मी.

रोज सकाळी ऊन अंगणात आलं की बाबा कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. मी त्यांच्यापुढं पाठमोरी. त्यांचं उजवं बोट माझ्या खांद्यावर. सुरुवातीला बोट कसलं, सारा पंजाच पडायचा आणि मी वाकायचे. मग पंजाची चार बोटं झाली, चाराची दोन. माघ संपता संपता एकच बोट उरलं, आणि तेही इतकं हलकं, की कधी कधी मला मागं वळून पाहावंसं वाटे, बाबा आहेत ना? त्यांचा डावा पाय आता थोडा थोडा त्यांचा होत होता. अंगठा जमीन धरायला शिकत होता. आई चुलीपुढून बघायची आणि भाकर करपवायची.

आणि मग आमच्या लक्षात आलं, की बाबा उभे असले की बोलत नाहीत.

आधी वाटलं, मन लावून करताहेत. पण तसं नव्हतं. उभं असताना बोलायला गेले, की माझ्या खांद्यावरचं बोट जड व्हायचं. एखादा शब्द चालायचा. दुसऱ्या शब्दाला गुडघा लटपटायचा आणि तिसऱ्याला मी वळून धरायचे. बसले की मात्र तेच बाबा, तीच बडबड. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "उभं राहणं आपल्याला फुकट मिळतं, म्हणून वर आपण बोलू शकतो, भाजी निवडू शकतो. यांना आता उभं राहायलाच सगळं लक्ष लागतं. बोलायला काही उरत नाही. पुढं सुधारेल कदाचित." त्या कदाचितकडं आम्ही दुर्लक्ष केलं.

आईचं समाधान होतं. नवरा उभा राहतो आहे, अजून काय पाहिजे? माझं समाधान होत नव्हतं. मी आयुष्यात खूप गोष्टी मागितल्या, काही मिळाल्या, काही नाही. पण बाबांनी उभं राहून बोलावं असं मला जेवढं वाटलं, तेवढं पुढं कशाबद्दलच वाटलं नाही. माझ्या आठवणीतले बाबा उभेच होते. बंडीवर उभे, धुऱ्यावर उभे, आणि तोंड सुरू. खाटेवर बसून बोलणारा माणूस मला त्यांच्यासारखा वाटे, पण ते वाटत नसे. माझ्याच अंगणात, माझ्याच पाठीमागं ते उभे असायचे आणि मला त्यांची आठवण यायची. हे कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, पोरगी येडी झाली.

मृग गेला, पेरण्या झाल्या. बाबा काठीनं अंगणापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागले. थांबलं की माझ्या खांद्याला बोट. श्रावण लागला, तसे एक दिवस जेवताना म्हणाले, "यंदा पोयाले बैल मीच धरीन."

काकांचा घास हातातच राहिला. "दादा, तिथी ढोल वाजते, बैल बिचकते. मी धरतो ना जोडी. तू खाटेवर बसून पाह्य."

"बैल मी धरीन आन झडती बी मीच म्हणीन."

"उभं राहून?" आईनं विचारलं.

बाबा बसलेले होते, म्हणून मनसोक्त बोलले. तोरणाखाली बैल उभा असताना माणूस बसतो का? त्यांच्या बापानं कधी बसून झडती म्हटली होती का? बैलाच्या सणाला बैलापुढं बसायचं, म्हणजे काय त्याच्याकडून मुजरा करून घ्यायचा? मग माझ्याकडं वळून म्हणाले, "झडती तयार हाय. साल झालं बसल्या बसल्या तेच करून राह्यलो."

"काय हाय? सांगा ना बाबा."

"पोयाले आयकजो."

मग रोज सकाळी अंगणात आम्ही दोघं झगडायला लागलो. बाबा उभे राहून मनातल्या मनात झडती म्हणत. मला ऐकू काही येत नसे, पण खांद्यावर कळायचं. आता ओळ सुरू झाली, आता संपली. आधी बोट जड होई. मग मनातल्या मनात म्हणताना ते हलकं राहायला लागलं. पण ओठ हलले, आवाज फुटला, की गुडघा गेलाच. मी ओरडायचे, "बाबा, बोलू नोका!" त्या महिन्याभरात मी त्यांना इतक्या वेळा गप्प बसवलं, की आता आठवलं तरी हसू येतं. ज्यांच्या बोलण्यासाठी मी झुरत होते त्यांनाच.

पोळ्याच्या दुपारी काकांनी जोडी सजवली. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं. आखरावर काकांनी त्यांना धरून नेलं, आणि मी मागं राहिले, कारण बायका-मुलींना त्या रांगेत जागा नसते. आम्ही पलीकडच्या ओट्यावर दाटीनं उभ्या. बाबा आमच्या दोन बैलांच्या मध्ये उभे होते. कासरा डाव्या हाताला गुंडाळलेला आणि उजव्या हाताची बोटं उजवीकडच्या बैलाच्या मानेवर टेकवलेली. फक्त टेकवलेली. ते मला इतक्या लांबूनही कळलं आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला. पण ढोल वाजत होता. बैल माना हलवत होते. बैलानं मान हलवली की बाबाही थोडे हलत आणि मग सावरत. माझ्या पोटऱ्या त्यांच्याबरोबर घट्ट-सैल होत होत्या.

दोघातिघांच्या झडत्या झाल्या. मग कोणीतरी ओरडलं, "आता भाऊ!" ढोल थांबला. सारं आखर बाबांकडं बघायला लागलं. साल चुकलं नव्हतं, माणूस परत आला होता आणि लोकांना त्याचं बोलणं हवं होतं. बाबांनी तोंड उघडलं.

"भावानं उभं केलं..."

एवढंच. डावा गुडघा हलताना मी पाहिला. ते थांबले. सावरले. पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा तेवढंच, "भावानं उभं केलं..." पुन्हा थांबले.  मागून एक पोरगं हसलं. माझ्या शेजारची बाई दुसरीला हळूच म्हणाली, "गेली व बिचाऱ्याची बुद्धी. लकव्यानं डोकं बी नेलं."

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. बाबा विसरले नव्हते. झडती त्यांच्या तोंडात सबंध तयार होती, सालभर घोळत होती. फक्त उभं राहायचं की बोलायचं, त्यातलं एकच त्यांच्याकडं होतं. उभे राहिले तर गाव म्हणणार, डोकं गेलं. बोलले तर सगळ्या गावादेखत, बैलांच्या पायांत पडणार. आणि मी ओट्यावर. ओरडूनसुद्धा काही सांगता येण्यासारखं नव्हतं. काय सांगणार? बोलू नका, की बोला?

रांगेतल्या पुढच्या माणसानं आपली झडती म्हणायला घसा साफ केला. तेवढ्यात बाबांनी उजव्या हातानं बैलाच्या मानेचं कातडं धरलं, चांगला गुडघा वाकवला आणि ते खाली बसले. सावकाश, मुद्दाम, मांडी घालून. तोरणाखाली, दोन बैलांच्या पुढच्या पायांमध्ये, धुतलेल्या धोतरासकट मातीत. काका "दादा, दादा" करत पुढं धावले. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. आणि मग त्यांचा तो आवाज, तिसऱ्या शेतात जाणारा:

"भावानं उभं केलं मले कापसाच्या ढिगावर,
पाय गेला जमीन पाहाले, मी पडलो नाकावर!
डावा पाय म्हणते, मी पाव्हणा तुह्या घरात,
पोरगी म्हणते, बोलू नोका, उभे राहा दारात.
अरे, बोलल्याबिगर उभा राहू, मी का खळ्यातली मेढ?
बसून बोलतो आज, आता कोण म्हणते मले येड?"

 मग आखर फुटलं. "हर हर महादेव" असं झालं, की बैल बिचकले. काका हसत होते आणि खांद्याच्या पंच्यानं डोळे पुसत होते. शेजारची ती बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मी मात्र हसत नव्हते. त्यांनी मला झडतीत घेतलं होतं. गावातल्या मोठमोठ्या माणसांच्या रांगेत, यंदा मी.

तोरण तुटलं, पोळा फुटला. जोड्या निघाल्या, धूळ उडाली. काकांनी आमचे दोन्ही बैल कसेबसे बाजूला ओढून धरले. बाबा अजून मातीतच बसलेले. पाच-सहा बाप्ये त्यांना उठवायला वाकले. त्यांनी कुणाचाच हात घेतला नाही. ओट्याकडं बघून हाक मारली, "माय, ये व इकडे."

त्या जागी मुलगी जात नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. मी ओट्यावरून उडी मारली आणि बैलांच्या मधून गेले. कुणी अडवलं नाही. बाबांनी माझ्या खांद्याला धरलं आणि ते उठले. घरची वाट थोडी चढाची आहे. त्या दिवशी बोट नाही की पंजा नाही, त्यांनी सारा भार माझ्यावर टाकला आणि ते बोलायला लागले. चालत, थांबत, उभे राहत, सारखे बोलत. कोण कसं हसलं, पाटलाचा चेहरा कसा झाला, मेढला, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाला, यमक सापडायला सारा फाल्गुन गेला. दर चार पावलांनी गुडघा जायचा आणि मी त्यांना वर ओढायचे. मी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी विचारलं, "काऊन व, झडती आवडली का तुले?"

मला बोलायचं होतं. पण त्यांचा सारा भार माझ्या अंगावर होता, पाय चढाच्या गोट्यांवर होते आणि दात आवळून मी आम्हा दोघांना उभं धरलं होतं. तोंड उघडलं असतं तर दोघंही पडलो असतो. घरी गेल्यावर सांगू, असं मनात म्हटलं. घरी दारात आई बैलांच्या पूजेचं ताट घेऊन उभी होती, मग पुरणपोळी, मग आलेगेले, मग दुसरा दिवस. बाबा पुढं काही वर्षं होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि माझ्याही तोंडून निघालं नाही.

आवडली होती बाबा. लई आवडली होती.